कुठंच न उतरणारे चाचा

पाय आधी आला. डावा पाय. पाचही बोटं मी मोजली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. माझी थोरली लेक छोट्या रेल्वेच्या लाकडी बाकावर आडवी होती. डब्यातल्या बायकांनी चारी बाजूंनी लुगड्यांचा आडोसा धरला होता. बाहेर कुसळांचं माळरान, वर दुपारचं ऊन, आणि चढ लागल्यामुळं गाडी बैलाच्या चालीनं निघाली होती. मिरज अजून तीन तास लांब होतं. थोरलीनं माझा दंड असा धरला होता की त्याचे वळ पुढं आठ दिवस राहिले.

आणि ज्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्या गाडीत बसलो होतो ते आमचे चाचा दारात, आमच्याकडं पाठ करून उभे. घड्याळ बघून म्हणाले, "वैनी, गाडी बावीस मिंटं मागं हाय."

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही.

चाचा म्हणजे आमचे घरमालक. कोल्हापुरात मंगळवार पेठेत रस्त्याच्या अंगाला त्यांचं ट्रंकांचं दुकान, मागं त्यांचं घर, आणि त्याच्याही मागं दोन खोल्या, त्यात आम्ही. माझा नवरा फौंड्रीत मोल्डर. सकाळी तो कामाला जायच्या आधीच चाचांची पत्र्यावर हातोडी सुरू व्हायची. पहिल्या महिन्यात माझं डोकं उठलं. दुसऱ्या महिन्यापासून मला ती ऐकूच येईना.

माणूस उंच, वाळका, दाढी आखूड. कानावर पेन्सिल. बाकीचे ट्रंकवाले गिऱ्हाइकाला विचारायचे, केवढी पाहिजे? चाचा विचारायचे, "जाणार कुठं?"

ते कळल्याशिवाय ते पत्र्याला कातर लावायचे नाहीत. एसटीच्या लाल गाडीनं जाणार असाल तर झाकण सपाट, कारण टपावर तुमच्या ट्रंकेवर दुसऱ्याची ट्रंक बसणार. रेल्वेनं जाणार तर उंची कमी, म्हणजे बाकाखाली सरकते. कोकणात लाँचीनं जायचं असेल तर प्रत्येक सांध्याला कथलाचा डाख, पाणी शिरायला नको. आणि शेवटचे दोन कोस बैलगाडी असेल तर कड्यांना चामडं गुंडाळायचं, कारण कड्या वाजल्या की बैल बुजतो. एकच ट्रंक चारही तऱ्हेनं जाणार असेल तर चाचांच्या तोंडावर अशी खुशी यायची की बघणाऱ्याला वाटावं यांच्याच घरात लग्न आहे.

ट्रंक तयार झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं वाट लिहायची. कोल्हापूरपासून ते गिऱ्हाइकाच्या गावापर्यंत, एकाखाली एक. कुठं गाडी बदलायची, कुठं काय करायचं. मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळं मला ते वाचता यायचं आणि मी कामं सोडून वाचत बसायची. "मिरज - उतरा. पळू नका, गाडी थांबते." "दौंड - चहा नको." "मनमाड - पाणी भरा." "भुसावळ - ट्रंकेवर बसून राहा." लोक देवाचं नाव लिहा म्हणायचे. चाचा म्हणायचे, "देव सगळीकडं हाय. दौंडला चहा कसला हाय ते त्यो सांगणार हाय का?"

पुण्याचं गिऱ्हाईक आलं की त्यांचं तोंड पडायचं. "पुण्याला काय? गाडीत बसून झोपलासा तरी जातासा. समोरच्या दुकानात घ्या जावा." चाची आतून ओरडायच्या. चाचांना ऐकू यायचं नाही. चाची बोलल्या की त्यांना हातोडीचाच आवाज ऐकू यायचा, हातोडी खाली ठेवलेली असली तरी.

एकदा एका मास्तरांची बदली गडचिरोलीकडं झाली. नवराबायको ट्रंक घ्यायला आले. बाईचे डोळे सुजलेले. मास्तर खालमानेनं म्हणाले, "गडचिरोली." चाचा टुणकन उठलेच. "गडचिरोली! वा वा! कितींदा गाडी बदलायला लागंल म्हाईत हाय का तुमाला? रेल्वे हाय, लाल गाडी हाय, पावसाळ्यात होडी बी हाय! अहो, अशी वाट मागून मिळत न्हाय!" बाई जास्तच रडायला लागल्या. चाचांना वाटलं आनंदानं रडतात. त्यांनी ती ट्रंक आठ दिवस खपून केली आणि झाकण कमी पडलं म्हणून अर्धी वाट बुडाच्या आतून लिहिली. पुढं मास्तरांचं कार्ड आलं. सुखरूप पोहोचलो, मुलं बरी आहेत, वर्ध्याला नळ बंद होता. चाचांनी बाकीचं काही वाचलं नाही. दोन दिवस ते, "वर्ध्याचा नळ बंद?" असं स्वतःशीच म्हणत हिंडत होते.

स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीपेक्षा चाचांच्या दुकानात जास्त लोक यायचे. लग्नाची वऱ्हाडं, अस्थी घेऊन निघालेले, सैन्यातले, पळून चाललेली पोरं-पोरीसुद्धा. चाचा सगळ्यांना सारखंच सांगायचे. पळून चाललेल्यांना मी हटकलं तर म्हणाले, "वैनी, जाणारच हायत. निदान कोरेगावला चुकीच्या गाडीत तर बसणार न्हाईत."

तुम्हाला वाटेल हा माणूस मोठा हिंडलेला असणार. हिंडलेला होताच. दरवर्षी नवं टाइमटेबल लागलं की चाचा दुकान बंद करून निघायचे. नागपूर, नांदेड, अकोला, धुळं, सावंतवाडी. पण ते कुठं उतरायचे नाहीत. म्हणजे गाडी बदलायला उतरायचे, तेवढंच. पोहोचलं की तीच गाडी उलटी फिरायची, नाहीतर समोरची पहिली गाडी, तिनं परत. एकदा आठवड्यानं आले तेव्हा मी विचारलं, "चाचा, नागपूर कसं हाय?"

"तीन नंबर फलाटावर नळ हाय. पाणी ग्वाड हाय."

"आणि गाव?"

"गाव असंल की बाहेर."

चाचींचं माहेर निपाणी. लाल गाडीनं तासाची वाट. चाची एकदा चूल फुंकता फुंकता मला म्हणाल्या, "तुला खोटं वाटंल बघ. लग्नाला वीस वर्षं झाली. माझा बाप ह्यांना भेटायला निपाणीच्या स्टँडवर यायचा. हे खिडकीतनं सलाम करायचे, बाप खालनं सलाम करायचा, गाडी वळायची, हे परत. बाप मरायच्या आधी मला म्हणाला, जावई चांगला हाय, पर त्याचे पाय मी कधी बघितले न्हाईत."

हे ऐकून मी इतकी हसले की भाकरी करपली. चाची हसल्या नाहीत.

उतरायचं का नाही, याला चाचांकडं उत्तर होतं. "गावात शिरलं की माणूस गुततंय. जेवा म्हणत्यात, ऱ्हावा म्हणत्यात. आणि मग गाडी जातीया." बास, एवढंच. यात काही मोठा अर्थ आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. काही माणसं अशी असतात.

थोरलीचं लग्न आम्ही कागलकडच्या पोराशी केलं. पोरगा चांगला, पण नोकरी चांद्याच्या कोळशाच्या खाणीत. सोयरीक ठरली तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला दिली. फक्त चाचा म्हणाले, "नशीबवान हाय पोरगी," आणि तिला लग्नात ट्रंक दिली. झाकण भरून वाट. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती तेव्हा तिला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि पोरीला सातव्या महिन्यात आणायचं, ही आमची रीत. माझ्या नवऱ्याला रजा मिळेना. मग मी आणि चाचा जाऊन तिला आणायचं ठरलं. माझ्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "चाचा असल्यावर काय घोर न्हाय." मी बोचकं बांधलं. तर चाचा म्हणाले, "वैनी, थांबा. एक तारखेला टाइमटेबल बदलतंय."

"बदलू दे की."

"तसं न्हवं. आत्ता कुर्डुवाडीला सात तास बसायला लागतंय. एक तारखेनंतर मोठ्या गाडीतनं उतरलं की समोर छोटी रेल्वे हुबी. अवघडलेली पोर सात तास फलाटावर बसवतासा व्हय?"

नवरा म्हणाला, "मग पुण्यावरनं आणा."

"पुण्याला पूल चढायचा, पूल उतरायचा. पोटुशी पोर आणि ट्रंक घेऊन? तुमी चढवणार हाय काय? तुमाला तर रजा न्हाय."

बोलणं पटण्यासारखं होतं. मी थांबले. एक तारीख लांबली, टाइमटेबल पंधरा दिवसांनी लागलं. तोवर थोरलीला आठवा लागला. सासूबाई उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "आठव्यात हलवायची न्हाय. सातव्यात न्हायतर नवव्यात. आठव्यातलं पोर जगत न्हाय." आठव्यात कुणी पोर हलवत नाही, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. म्हणून आणखी एक महिना थांबलो.

असं करत करत आम्ही तिला आणायला निघालो ते नवव्यात.

जाताना काही झालं नाही. चाचा खुशीत. प्रत्येक स्टेशनावर मला नळ दाखवत होते. चांद्याला जावई न्यायला आला होता. मी घरी गेले, चाचा फलाटावरच ट्रंकेवर बसून राहिले. जावई म्हणाला, "चाचा, घर तरी बघा." चाचा म्हणाले, "घरासारखं घर असंल की जावईबापू. चहा हितंच धाडा."

थोरलीला बघितलं आणि मी जागेवर उभी राहिले. पोट खाली उतरलं होतं. ज्या बाईनं पाच पोरं काढलीत तिला ते सांगायला डॉक्टर लागत नाही. मी म्हणाले, "हिचं हितंच करू या." जावई म्हणाला, डॉक्टर वीस दिवस म्हणालेत. थोरली म्हणाली, "आई, मला घरी न्हे." तिनं तसं म्हणायला नको होतं आणि मी ऐकायला नको होतं. दोन्ही झालं.

कुर्डुवाडीला चाचांचं खरं ठरलं. समोर छोटी रेल्वे उभी होती. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही ती त्यांनीच उभी केली होती. सकाळभर सगळं ठीक. दुपारी जेवायला दशम्या सोडल्या तेव्हा थोरली म्हणाली, माझी पाठ दुखते. पुढच्या दोन स्टेशनांत पाणी गेलं. आणि त्यानंतर तासाभरानं तो पाय.

तर चाचा म्हणाले, गाडी बावीस मिनिटं मागं आहे. मी शिव्या दिल्या. चाचा वळले नाहीत. म्हणाले, "वैनी, ऐका माझं. गाडी वेळेवर असली की म्होरल्या फाटकावर दुधाचा ट्रक भेटत न्हाय. गाडी मागं असली की ट्रक फाटकात अडकतोय. मी दर वर्साला बघतोय, डायवर शिव्या घालत हुबा असतोय. आज त्यो हाय. ट्रक जातोय त्या गावाला सरकारी दवाखाना हाय. दोन कोस. मिरज तीन तास."

"फाटकात गाडी थांबती काय?"

"न्हाय थांबत."

आणि चाचांनी चालत्या गाडीतून खाली उडी मारली.

चढ होता म्हणून बरं. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात चपला, लेंगा एका हातानं वर धरलेला, गाडीच्या शेजारून इंजिनाकडं पळत सुटला. सगळ्या खिडक्यांतून लोक बघायला लागले. कुणी म्हणालं, चोर आहे. कुणी म्हणालं, पळा पावणं, पळा! बायकांनी लुगडी धरायची सोडून माना बाहेर काढल्या, मी ओरडून त्यांना आत घेतलं. चाचा दोनदा पडले. इंजिनापाशी पोहोचून काय बोलले ते मला माहीत नाही, पण शिट्टी वाजली आणि गाडी बरोबर फाटकात थांबली.

ट्रक होता. ड्रायव्हर खाली उभा राहून खरंच शिव्या घालत होता. चाचा त्याला म्हणाले, "कॅन उतरवा. बाई न्यायची हाय."

"पावणं, खुळं झालासा काय? सोळा कॅन हायत. दूध उन्हात ठेवू?"

मी डब्याच्या दारातून ओरडले, "दूध उद्या बी निघंल!"

ड्रायव्हरनं वर येऊन डब्यात बघितलं. एकदाच बघितलं. मग तोच सगळ्यांच्या आधी कॅन उतरवायला लागला. गार्डसाहेब आले होते ओरडायला, त्यांनीही एक कॅन धरला. फाटकवाल्याची बायको घरातून वाकळ घेऊन आली आणि आपण होऊन ट्रकमध्ये चढली. थोरलीला आम्ही चौघींनी वाकळेत धरून उचललं. सोळा कॅन रस्त्याच्या कडेला उन्हात राहिले. त्या दुधाचं काय झालं मी कधी विचारलं नाही.

दोन कोसांत मी थोरलीला एवढंच सांगत होते, कळ देऊ नकोस. ती मला सांगत होती, मी मरते. मी म्हणाले, घरी गेल्यावर मर. त्याच्यावर ती हसली. तशा कळेत हसली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, गावाला गेले होते. नर्सबाई होत्या. ठेंगण्या, काळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी बघितलं, हात धुतले, आणि हात धुता धुताच ओरडल्या, "या दिवसांत हिला एवढ्या लांबनं आणलं कुणी? अक्कल कुठं ठेवली होती?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी दाराबाहेरून चाचा म्हणाले, "मी आणलं, बाई."

ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. टाइमटेबल चाचांचं, आठवा महिना सासूबाईंचा, आणि उतरलेलं पोट बघूनही तिला गाडीत बसवणारी मी. नर्सबाईंना मी हे त्या वेळी सांगितलं नाही. वेळ नव्हता म्हणते, पण खरं म्हणजे धीर नव्हता.

नर्सबाईंनी दुसरा पाय शोधून काढला, मग कंबर, मग एकेक हात. डोकं अडकलं. मी आयुष्यात कुणापुढं हात जोडलेले नाहीत, तेव्हाही जोडले नाहीत. थोरलीचं डोकं मांडीवर धरून बसले. मग पोर बाहेर आलं, निळं, आणि आवाज नाही. नर्सबाईंनी त्याला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं, परत मारल्या. मी दाराकडं बघितलं. दाराच्या फटीतून चाचांचे पाय दिसत होते. एकाच पायात चप्पल होती. दुसरी रुळावर कुठंतरी राहिली होती.

थोरलीला रक्त फार गेलं. नर्सबाई म्हणाल्या, दहा दिवस हलवायची नाही. आणि चाचांकडं बघून म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा हलायचं नाही. औषधं आणायला माणूस पाहिजे."

म्हणून चाचा त्या गावात दहा दिवस राहिले. जन्मात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी त्यांना पारावर बसायचं कसं तेही कळेना, ते गाडीत बसल्यासारखे एका कडेला अंग चोरून बसले. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी गळकी घागर दिसली, त्यांनी डाख लावून दिला. तिसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या व्हरांड्यात घागरी, कंदील, ट्रंका यांची रांग. लोक जेवायला बोलवायचे. चाचा जायचे. कुणाच्या पोराचं नाव काय, कुणाची म्हैस आटली, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं संध्याकाळी मला येऊन सांगायचे. मी म्हणाले, "चाचा, गाव कसं हाय?" तर तासभर बोलत बसले. मी अर्ध्यातच झोपले.

कोल्हापूरला आल्यावर चाची म्हणाल्या, "तिथं दहा दिवस ऱ्हायलासा. निपाणीला एक दिवस ऱ्हावा." पुढच्याच जुम्म्याला चाचींनी त्यांना निपाणीला नेलं आणि स्टँडवर हाताला धरून खाली उतरवलं. आल्यावर म्हणाले, गाव बरं आहे, चढ फार.

वाटा लिहायचं चाचांनी सोडलं नाही. फक्त जाणार कुठं हे विचारल्यावर आता दुसरंही विचारायचे, "संगं अवघडलेली कोण हाय काय?" असेल तर ट्रंक द्यायचे नाहीत. म्हणायचे, "बाळ-बाळंतीण उठू दे, मग या." एका गिऱ्हाइकाला वाटलं हा माणूस ज्योतिषी आहे. तो त्यांच्या पाया पडून गेला. मी हसले तर चाचा माझ्यावर चिडले.

पुढं पत्र्याच्या ट्रंका गेल्या, सुटकेसी आल्या. चाचा म्हातारे होऊन घरात, अंथरुणात गेले, चाची त्यांच्या आधी दोन वर्षं. सासूबाई त्याच्याही आधी. नर्सबाईंची कुठं बदली झाली ते कळलं नाही.

थोरली जगली. तिची ती पायाळू पोरगी जगली. दोघी इथं जवळच उचगावला राहतात.